आजीच्या घरी वाढणारं मूल : कोकणात बालसंगोपन आणि प्रतिपालकत्वाचे पैसे कसे मिळवायचे

कोकणात दुसऱ्याचं मूल सांभाळणं ही काही नवलाची गोष्ट नाही. बाप मुंबईत कामाला होता, तो गेला. आई माहेरी गेली किंवा तिने दुसरं लग्न केलं. मूल आजीकडे, आत्याकडे किंवा मामाकडे राहिलं. गावात याला कुणी योजना म्हणत नाही, 'पोर आमच्याकडे असतं' एवढंच म्हणतात. म्हणूनच सरकारी पैसे कितीतरी घरांपर्यंत पोचत नाहीत. आपण सांभाळतोय त्या मुलाच्या नावाने दर महिन्याला रक्कम मिळू शकते, हेच मुळात ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते तलाठ्याकडे, तहसीलला, बँकेत अशा चकरा मारतात, पण जिथून गाडी खरी सुरू होते तिथे जातच नाहीत.

ती जागा म्हणजे जिल्ह्याची बाल कल्याण समिती. एक गोष्ट आधी पक्की धरा : पैसा सांभाळणाऱ्याला त्याच्या नात्यामुळे मिळत नाही, समितीने मुलाबद्दल दिलेल्या आदेशामुळे मिळतो. लोक याला 'सीडब्ल्यूसीची ऑर्डर' म्हणतात (सीडब्ल्यूसी म्हणजे चाइल्ड वेल्फेअर कमिटी, हीच समिती). ती हातात नसेल तर बाकीचे सगळे कागद असूनही फाईल हलत नाही.

आधी कुठलं दार आपलं ते ठरवा

तीन दारं आहेत आणि तिन्हींची गल्लत सर्रास होते.

पहिलं दार राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचं. आताचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. पूर्वी मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, एप्रिल २०२३ पासून २२५० रुपये आहेत. कोकणातल्या बहुतेक घरांना हेच दार लागू पडतं, कारण मूल नात्यातल्या माणसाकडे असलं तरी चालतं, आणि विधवा किंवा सोडलेल्या आईकडे असलं तरीही चालतं. 'आमचं पोर अनाथ नाही, आई आहे ना' असं म्हणून पुष्कळ जणी अर्जच करत नाहीत. हा समज काढून टाका. एक पालक वारलेला, आईबापांचा घटस्फोट झालेला, पालक तुरुंगात, पालकाला कॅन्सर, एचआयव्ही, कुष्ठरोग किंवा गंभीर मानसिक आजार, अविवाहित आईचं मूल, टाकून दिलेलं मूल, हे सगळे या योजनेच्या कक्षेत येतात. वय १८ पूर्ण होईपर्यंत.

दुसरं दार केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वाचं, म्हणजे मूल घरातच राहून त्याच्या खर्चाला मिळणाऱ्या मदतीचं. रक्कम मोठी आहे, महिन्याला ४००० रुपये, पण उत्पन्नाची अट कडक आहे : ग्रामीण भागात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत, शहरी भागात ९६,००० रुपयांच्या आत. विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्याने टाकलेल्या आईचं मूल, नातेवाइकांकडे राहणारं अनाथ मूल, आजारी पालकांचं मूल यांचा इथे विचार होतो.

तिसरं दार म्हणजे खरंखुरं प्रतिपालकत्व. यात बालगृहातलं मूल समितीच्या आदेशाने एखाद्या कुटुंबात राहायला येतं, आणि ते कुटुंब सहसा नात्यातलं नसतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मध्ये याची तरतूद आहे. राज्य सरकारने त्यासाठी दरमहा निधी द्यायचा आणि तो जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत द्यायचा, असं त्याच कलमात म्हटलं आहे. मिशन वात्सल्यमध्ये याचीही रक्कम मुलामागे महिना ४००० रुपये आहे.

४००० आणि २२५० मध्ये वर्षाला २१,००० रुपयांचा फरक पडतो. म्हणून उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर कक्षात गेल्यावर आधी प्रायोजकत्वाबद्दल विचारा, नसेल बसत तर बालसंगोपन. दोन्हीकडे अर्ज टाकून दोन्ही रकमा पदरात पडतील असा हिशोब मात्र मांडू नका. एका मुलामागे एकच अनुदान धरून चाला.

ऑफिस कुठे, माणूस कोण

रायगडवाल्यांसाठी अलिबाग, रत्नागिरी जिल्ह्यासाठी रत्नागिरी शहर आणि सिंधुदुर्गासाठी ओरोस, म्हणजे सिंधुदुर्गनगरी. तिथे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं, त्यांच्या अखत्यारीत जिल्हा बाल संरक्षण कक्ष काम करतो, आणि बाल कल्याण समिती वेगळी बसते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असते. कायद्याने समितीला दंडाधिकाऱ्याच्या तोडीचे अधिकार आहेत, त्यामुळे तिचा आदेश म्हणजे नुसतं शिफारसपत्र नव्हे.

मंडणगड किंवा दोडामार्गाहून जिल्ह्याच्या गावी जाऊन यायचं तर दिवस मोडतो, एसटी चुकली तर मुक्काम पडतो. म्हणून निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा : समिती कोणत्या दिवशी बसते आणि मुलाला सोबत आणायचं आहे का. बहुतेक वेळा आणायचंच असतं, समितीला मुलाशी बोलायचं असतं. चाचणी परीक्षेचा आठवडा टाळून तारीख धरा. फोन नंबर सापडत नसेल तर चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ वर फोन करा. तो फुकट आहे, आणि नुसतं 'आमच्या जिल्ह्यात कुणाला भेटायचं' एवढंच विचारायचं असेल तरी चालतो.

पहिली पायरी त्याच्याही आधी गावातच आहे. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. कागदावर ती बहुतेक ठिकाणी असते, प्रत्यक्षात तिची बैठक कधी झाली ते विचारू नये. तरी अंगणवाडी सेविकेला सगळं सांगून ठेवा. कुठलं मूल कुणाकडे आहे हे तिला सरपंचांपेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि पुढे गृहभेटीला कुणी आलं की पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो.

कागद : इथेच वेळ जातो

बालसंगोपनासाठी साधारण हे लागतं :

– विहित नमुन्यातला अर्ज (कक्षात फुकट मिळतो, झेरॉक्सच्या दुकानातून विकत घेऊ नका)
– मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार कार्ड
– मुलाचा जन्मदाखला आणि चालू वर्षाचं शाळेचं बोनाफाईड
– पालकाचा मृत्यूदाखला, किंवा आजारपण, तुरुंगवास, घटस्फोट यांपैकी जे असेल त्याचा पुरावा
– रेशनकार्ड, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
– बँक पासबुकाची झेरॉक्स
– पासपोर्ट फोटो, आणि घरासमोर मूल व सांभाळणारा एकत्र उभे असलेला फोटो

यादी साधी दिसते. कोकणात ती अडते ती ठरावीक जागांवर.

रेशनकार्ड मुंबईचं, मूल गावाला. चाकरमानी कुटुंबात हे हमखास होतं. मुलाचं नाव वडिलांच्या मुंबईतल्या कार्डावर असतं आणि आजीच्या गावच्या कार्डावर नसतं. आधी मुंबईच्या शिधावाटप कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो, मग तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव चढवायचं. मे महिन्यात किंवा गणपतीला गावाला येणाऱ्या काका-मामाला हे काम महिनाभर आधी सांगून ठेवा, म्हणजे येताना तो दाखला घेऊन येईल. तोवर अर्ज मात्र थांबवू नका. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि 'मूल अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतं' असं स्वयंघोषणापत्र जोडून तो आत जाऊ द्या.

घर सामायिक. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, घरपट्टी पणजोबांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर, आणि तो भाऊ परळला. घर तुमच्या मालकीचं असावं अशी काही अट नाही. तुम्ही तिथे राहता हे दिसलं पाहिजे. ग्रामपंचायतीचा दाखला आणि वीजबिल पुरतं, नाव दुसऱ्याचं असेल तर नातं लिहून द्या. या कारणावरून वाटणीचे जुने वाद उकरून काढायची गरज नाही.

उत्पन्नाचा दाखला. आंब्याच्या दोन महिन्यांत आलेला पैसा आणि उरलेल्या दहा महिन्यांची चणचण, मच्छीमारांच्या घरात जून-जुलैची बंदी. अशा उत्पन्नाचा आकडा तलाठ्याला सांगताना लोक दोन टोकं गाठतात : एक तर हंगामाचा भाव बाराने गुणून सांगतात, नाहीतर काहीच नाही म्हणतात. वर्षभराचं खरं उत्पन्न, फवारणी, खत, मजुरी, डिझेल असे खर्च वजा करून, एका कागदावर मांडून न्या. दाखला आर्थिक वर्षापुरता असतो आणि ३१ मार्चला त्याची मुदत संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला महिन्याभरात जुना होतो, म्हणून शक्यतो एप्रिलनंतर काढा, वर्षभर उपयोगी पडतो.

आधार. मूल ५ वर्षांचं आणि १५ वर्षांचं झालं की बोटांचे ठसे आणि डोळ्यांचा फोटो नव्याने द्यावा लागतो. तो दिला नसेल तर बँकेत खातं आधारला जोडताना अडकतं आणि कारण कुणालाच लवकर सापडत नाही. आधी तालुक्याच्या आधार केंद्रात जाऊन हे तपासा. पत्ता मुंबईचा असेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून तो बदलता येतो.

बाप समुद्रावर गेला आणि परत आला नाही

किनाऱ्यावरच्या गावांत हा प्रश्न वेगळाच आहे, म्हणून जरा सविस्तर. बोट उलटली, खलाशी बेपत्ता झाला, देह मिळाला नाही. मृत्यूदाखला निघत नाही, कारण कायद्याने मृत्यू गृहीत धरायला साधारणपणे सात वर्षं माणसाची काहीच खबर नसावी लागते. तोवर मूल सात वर्षांनी मोठं झालेलं असतं. 'दाखला नाही तर अर्ज नाही' हे वाक्य खिडकीवर ऐकून बाया परत येतात.

परत येऊ नका. बाल न्याय अधिनियमातली 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ही व्याख्या पालकाच्या मृत्यूपुरती नाही. सांभाळायला कुणी नसलेलं, पालक सांभाळू शकत नसलेलं, सोडून दिलेलं मूलही तिच्यात बसतं. ते बसतं की नाही हे ठरवायचा अधिकार समितीचा आहे, खिडकीवरच्या माणसाचा नाही. पोलीस ठाण्यातली बेपत्ता असल्याची नोंद, बोटमालकाचा जबाब, मच्छीमार सोसायटीचं पत्र, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत, आणि ग्रामपंचायतीचा दाखला असा गठ्ठा करून थेट समितीपुढे जा. अर्जात 'वडील मयत' असं लिहू नका, 'अमुक तारखेपासून समुद्रात बेपत्ता' असं लिहा. जे कागद सांगतात तेच अर्जात असलं पाहिजे.

याच वेळी मत्स्यव्यवसाय विभागात आणखी एक चौकशी करा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नोंदलेल्या मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला ५ लाख रुपयांचं विमा संरक्षण आहे. ते प्रकरण वेगळं चालतं, त्याचे कागदही वेगळे. मात्र त्यातल्या पैशात मुलाचा वाटा असतो हे घरातल्या मोठ्यांनी विसरू नये.

अर्ज दिल्यानंतर

अर्जाची पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली झेरॉक्स प्रत आपल्याकडे ठेवा, 'नंतर मिळेल' यावर विसंबू नका.

त्यानंतर गृहभेट होते. कक्षाचे संरक्षण अधिकारी, सामाजिक कार्यकर्ते किंवा योजनेत काम करणाऱ्या संस्थेचा माणूस घरी येतो आणि सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. संस्थेमार्फत अर्ज गेला असेल तर त्या कामापोटी तिला सरकार मुलामागे वेगळी रक्कम देतं. म्हणून संस्थेने किंवा एजंटने तुमच्याकडून 'फाईल खर्च' मागितला तर तो देऊ नका. अर्जाला सरकारी फी नाही.

गृहभेटीची लोक उगाच धास्ती घेतात. घर कौलारू आहे की स्लॅबचं हे कुणी पाहत नाही. मूल कुठे झोपतं, शाळेत जातं का, पोटभर जेवतं का, आजारी पडलं तर कुठे नेता, आणि एकटं असताना ते काय सांगतं, हे पाहतात. दोन गोष्टी मात्र खरंच महागात पडतात. मूल शाळा बुडवून बोटीवर, काजूच्या कारखान्यात किंवा पर्यटकांच्या हंगामात हॉटेलात कामाला लावलेलं दिसलं तर अनुदानाचं सोडाच, मुलाच्या ताब्याचा प्रश्न येतो. दुसरी गोष्ट म्हणजे शाळेतली हजेरी. तिच्यावर पुढचे हप्ते अवलंबून असतात.

अहवालानंतर समिती आदेश देते. त्याच्या तीन झेरॉक्स काढून मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात कोकणातल्या घरात कागदाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

बँक खातं

खातं मुलाच्या नावाने आणि सांभाळणाऱ्याबरोबर संयुक्त असेल तर उत्तम. आदेशातलं नाव, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. 'तुळसकर' आणि 'तुळस्कर' एवढ्या फरकानेही पैसे परत जातात. खातं आधारला 'लिंक' आहे असं बँक सांगते तेव्हा पुढचा प्रश्न विचारा : डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयला, म्हणजे बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, जोडलंय का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाची दोन खाती असतील तर पैसे जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. कितीदा तरी पैसे शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी पूर्वी उघडलेल्या जुन्या खात्यात सापडतात.

हप्ते दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं समजून घरखर्च आखू नका. काही महिन्यांचे एकदम येतात, मध्येच थांबतात. या पैशावर वह्या, गणवेश, दवाखाना चालवा, पण दुकानाची उधारी यावर टाकू नका.

आणि दरवर्षी नूतनीकरण. नवं बोनाफाईड, नवा उत्पन्नाचा दाखला, मूल अजून तुमच्याकडेच आहे याची खात्री. जून उजाडला की हे काम काढा. मूल शिकायला वसतिगृहात गेलं, आईकडे परत गेलं किंवा मुंबईला काकाकडे गेलं तर लगेच कक्षाला लेखी कळवा. न कळवता घेतलेले पैसे पुढे वसुलीला निघाले की ज्याच्या नावावर खातं त्याच्या मागे लागतात.

नात्याबाहेरचं मूल घरी आणायचं असेल तर

मुलं परदेशी गेलेली, घर रिकामं, मन आहे असे लोक रत्नागिरी-सावंतवाडीकडे भेटतात. त्यांच्यासाठी प्रतिपालकत्वाचे नियम २०२४ मध्ये बरेच सैल झाले. पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांना मुभा होती. आता ३५ वर्षं पूर्ण केलेली एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते : एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही सांभाळू शकते, एकटा पुरुष फक्त मुलग्याला. मूल सहसा ६ वर्षांच्या पुढचं असतं. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि घराची तपासणी होते, मग समितीचा आदेश.

४००० रुपये हा मुलाच्या खर्चाचा वाटा आहे, तुमचा मेहनताना नाही. शाळा, दप्तर, दात, चष्मा यांचा हिशोब मांडलात तर पदरचे घालावे लागतात. ते झेपणार नसेल तर या दारात न गेलेलं बरं. हे मूल दत्तकही नसतं : तुमच्या जमिनीत त्याला आपोआप हक्क मिळत नाही, आणि समिती त्याला परत बोलावू शकते. दोन वर्षं एकत्र राहिल्यावर, मूल कायद्याने दत्तकासाठी मुक्त असेल, तर त्याच कुटुंबाला दत्तक घेण्याची वाट २०२४ च्या नियमांनी मोकळी केली आहे. पूर्वी त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागायचं. भावकीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मूल घरी येताच सातबाऱ्याच्या गोष्टी सुरू होतात.

अर्ज अडला किंवा नाकारला तर

आधी लेखी कारण मागा. तोंडी 'होत नाही' याला अर्थ नाही. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाबद्दलचा समितीचा निर्णय पटला नाही तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०१ प्रमाणे अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे होतं, आदेशापासून ३० दिवसांच्या आत. निर्णयच होत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात अर्ज ठेवा. पैसे मंजूर असून खात्यात येत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज सर्वांत कामाचा ठरतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तीनच प्रश्न विचारा : मंजुरीची तारीख, शेवटचा हप्ता कुठल्या खात्यात गेला, बाकी रक्कम किती. लांबलचक तक्रार लिहिलीत की उत्तरही तसंच गोल येतं.

याबरोबर मागता येणाऱ्या गोष्टी

संजय गांधी निराधार योजनेत १८ वर्षांखालील अनाथ मुलंही येतात, महिना १५०० रुपये, वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. अर्ज तहसीलला. मूल आधीच दुसरं अनुदान घेत असेल तर ते अर्जात लपवू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के प्रवेशात अनाथ मूल वंचित घटकात धरलं जातं, त्याला उत्पन्नाची अट नाही. जवळ तशी शाळा असेल तर उपयोग, नाहीतर नाही.

आईबाप दोघंही गेलेल्या मुलांसाठी अनाथ प्रमाणपत्र ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. ते बालगृहात वाढलेल्यांपुरतं नाही. संस्थेबाहेर, नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांचाही त्यात स्वतंत्र गट आहे. आजीकडे वाढलेला मुलगा पोलीस भरतीला उभा राहतो तेव्हा हा कागद आठवतो आणि मग दोन्ही मृत्यूदाखले शोधण्यात महिने जातात. बालसंगोपनाची फाईल उघडी असताना, सगळे कागद एकत्र असताना, त्याच महिला व बाल विकास कार्यालयात हा अर्जही टाका.

मूल १८ चं झालं की बालसंगोपन थांबतं. बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना मात्र अनुरक्षण म्हणून पुढे २१ वर्षांपर्यंत, काही बाबतीत २३ पर्यंत, महिना ४००० रुपयांची मदत मिशन वात्सल्यमध्ये आहे. नातेवाइकांकडच्या मुलाला ती सरसकट मिळत नाही. त्याच्यासाठी १७ व्या वर्षीच आयटीआय, तंत्रनिकेतन किंवा महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीचे कागद तयार ठेवा. अठराव्या वाढदिवसानंतर मुलाचं खातं 'मायनर'मधून 'मेजर' करून घ्यावं लागतं, नाहीतर उरलेला शेवटचा हप्ता बँकेतच अडकतो.